मिस्त्री दुपारी येतो

त्या निवासात पडायला सक्त मनाई होती. तशी पाटी कुठे लावलेली नव्हती, कारण ज्यांच्यासाठी लावायची ती मंडळी पाटी वाचून वळेपर्यंत विसरली असती. पण इमारतीतली एकेक वस्तू तेच बजावत होती. विसरत चाललेल्या माणसांना काळं पायपुसणं खड्ड्यासारखं दिसतं, म्हणून दारापुढची काळी पायपुसणी गेली. ती जाण्यापूर्वी निवासातले एक निवृत्त न्यायाधीश रोज सकाळी त्यांच्यापुढे उभे राहून 'इथे पूल कधी बांधणार' अशी चौकशी करायचे, आणि उत्तर समाधानकारक नाही म्हणून परत फिरायचे. पाठोपाठ फरशीची चकाकी घालवली, कारण चकाकणारी फरशी ओली वाटते. गालिचे गेले, छोटी स्टुलं गेली, कुंड्या गच्चीवर गेल्या. पलंगांचे पाय कापून त्यांना बुटकं केलं. सगळ्यांना तळव्याला रबरी ठिपके असलेले मोजे आले. मेट्रनबाई कामाला पक्क्या होत्या. पडण्याचं जे जे कारण सापडलं ते ते त्यांनी काढून टाकलं. शेवटी फक्त माणसं उरली. ती काढता येत नव्हती.

तरीही काकू पडल्या. एकदा नाही, दोनदा.

काकू म्हणजे लिफ्टवाल्या काकांची बायको. काकांची सगळी हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली होती. आपल्या हाताखालची एकही लिफ्ट कधी पडली नाही, हे ते कोणी न विचारताही सांगत. तशी लिफ्ट सहसा पडत नाहीच. दोर तुटला तर बाजूच्या रुळांना पकडी बसतात आणि ती दोन मजल्यांच्या मध्ये लटकून राहते. पण लोकांना हे ठाऊक नसल्यामुळे काकांना आयुष्यभर फुकटचा मान मिळाला, आणि काकांनीही तो कधी परत केला नाही. आता घरचंच माणूस सपाट जमिनीवर दोनदा पडल्यावर त्यांनी लिफ्टचा विषय काढणं बंद केलं होतं.

काकू दुसऱ्यांदा पडल्यावर मेट्रनबाईंनी काकांना आपल्या खोलीत बोलावलं. काकूंचं मनगट सुजलं होतं, हाड वाचलं होतं.

"दोन्ही वेळा संध्याकाळीच," मेट्रनबाई म्हणाल्या. "दिवे लागायच्या सुमाराला उठतात आणि दाराशी जाऊन उभ्या राहतात. बसा म्हटलं तर बसत नाहीत. उभं राहून राहून पाय भरून येतात आणि मग गुडघे दगा देतात. चष्मा बदलून झाला, गोळ्या कमी करून झाल्या, बाथरूमला नेऊन झालं. आता मला काही सुचत नाही."

"मग?"

"मग ती खोल खुर्ची."

खोल खुर्ची काकांनी पाहिली होती. भांडारात एका कोपऱ्यात होती. मऊ, गुबगुबीत, पाठीकडे झुकलेली. तीत बसलेला माणूस दुसऱ्याने हात दिल्याशिवाय उठू शकत नसे. पडण्यासाठी आधी उठावं लागतं, या मुद्द्यावर तिची सगळी रचना आधारलेली होती.

"मला आवडत नाही ती," मेट्रनबाई म्हणाल्या. "खरं सांगते काका, तीत बसलेलं माणूस काही महिन्यांत चालणंच विसरतं. मग उठवलं तरी उठत नाही. पण पुढच्या वेळी खुब्याचं हाड मोडलं तर? ते जास्त वाईट. आणखी एकदा पडल्या तर माझा नाइलाज आहे."

काका मान हलवून बाहेर आले. काकू अजून चालत होत्या. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून कपाटापर्यंत, मान जरा पुढे काढून, शेजारच्या घरात काही सांडलंय का बघायला निघाल्यासारख्या. काकांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही त्या अशाच चालत होत्या. आता त्यांच्यातलं ओळखीचं म्हणावं असं ते एकच उरलं होतं.

काकू त्यांना ओळखत नव्हत्या, असं म्हणणं मात्र बरोबर नाही. त्या त्यांना चांगल्या ओळखत होत्या, मिस्त्री म्हणून.

ते असं झालं. निवासात आणल्यावर काही दिवस काका नुसते समोर बसत, आणि काकू परक्या माणसासमोर बसावं तशा पदर सावरून अंग चोरून बसत. एके दुपारी काकांना कपाटाची मूठ सैल दिसली. सैल वस्तू बघून गप्प बसण्याचा त्यांचा पिंड नव्हता. त्यांनी खिशातून पेचकस काढून मूठ घट्ट केली, आणि काकूंचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"अस्सं. मिस्त्री होय तुम्ही," त्या म्हणाल्या. "मग आधी सांगायचं नाही का? मी म्हटलं, हा माणूस नुसता बसून का राहतो."

तेव्हापासून काका रोज दुपारी मूठ बसवायला येऊ लागले. निघताना कोणाचं लक्ष नाही असं बघून स्क्रू पुन्हा सैल करून ठेवत, म्हणजे उद्याची सोय झाली. सगळ्या हयातीत त्यांनी कामात अशी लबाडी केली नव्हती. म्हातारपणी केली, तीही एका मुठीवर.

"या मिस्त्री," काकू म्हणायच्या. "काल बसवलीत, आज पुन्हा हलतेय बघा. कसलं काम करता?"

"बघतो, बाई. लाकूड जुनं आहे."

"लाकडाला नावं ठेवू नका. कारागीर जुना झालाय म्हणा."

मग काका कपाटापाशी बसत आणि काकू बोलत. काकू इतकं बोलत की काकांना पहिल्यांदा वाटलं, ही कोणी दुसरीच आहे. विषय बहुतेक एकच असे, घरचा माणूस.

"जगाच्या लिफ्टा वरखाली करतात," त्या सांगत, "आणि घरातला नळ वर्षभर टिपटिप गळतोय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तुम्ही करता का हो नळाचं?"

"करतो की. आणि स्वभावाने कसे आहेत ते?" काकांनी एकदा धीर करून विचारलं. असा प्रश्न विचारायची संधी फार थोड्या नवऱ्यांना मिळते.

काकूंनी विचार केला. "वाईट नाहीत. बोलत नाहीत फक्त. जेवण कसं झालंय विचारलं तर म्हणतात, जेवलो ना."

काकांनी स्क्रू उगाचच दोन वेढे जास्त फिरवला. 'जेवलो ना' म्हणजे प्रशंसा, असा त्यांचा आजवर समज होता.

अशा दुपारी चालल्या होत्या. त्या चांगल्या होत्या, हे काका कोणाला सांगू शकत नव्हते. घरी गेल्यावर कुलूप उघडायचं, एका माणसाचा चहा करायचा, तो एका कपात ओतायचा. उद्या दुपारी बायको आपल्याबद्दल काय बोलेल, याची ते वाट बघत.

घोटाळा संध्याकाळी व्हायचा. उन्हं उतरली की काकूंचा सूर बदलायचा. "मिस्त्री, आवरा आता. आमचे हे यायची वेळ झाली," म्हणत त्या उठायच्या आणि दाराशी जाऊन उभ्या राहायच्या. दुसऱ्यांदा पडल्या त्या संध्याकाळी काकांना राहवलं नव्हतं. त्यांनी जाऊन काकूंचा हात धरला आणि म्हणाले, "अगं, कोणाची वाट बघतेस? मीच की तो."

अंधार पडता पडता, एकट्या बाईच्या घरात, मूठ बसवायला आलेला माणूस हात धरून 'मीच तुझा नवरा' म्हणाला तर कोणती बाई तिथे उभी राहील? काकूंनी हात हिसडला, मागे सरल्या आणि पडल्या. पडण्याचं हे कारण मेट्रनबाईंच्या तपासात आलं नव्हतं. काकांनीही ते सांगितलं नाही.

खोल खुर्चीचा विषय निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी काका नेहमीसारखे आले. काकूंच्या मनगटाला पट्टी होती. काकांनी मूठ हातात घेतली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाई, तुमचे यजमान आपले आपण येतीलच की. किल्ली असेल त्यांच्याकडे. तुम्ही दाराशी कशाला उभ्या राहता?"

काकूंनी दाराकडे पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"तुम्ही कोणाला सांगणार नाही ना?"

"मी कोणाला सांगणार?"

"ह्यांचं काम म्हणजे विहिरीत उतरायचं काम. खाली काळोख, डोक्यावर ती लिफ्ट लोंबतेय. एकदा मी डबा द्यायला गेले होते तेव्हा वाकून बघितलं. तेव्हापासून संध्याकाळी बेल वाजेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. दारामागेच उभी असते मी. जिन्यावर पाऊल वाजलं की मला कळतं."

"मग बेल वाजली की लगेच उघडत असाल."

"छे हो. लगेच कसं उघडायचं? त्यांना कळेल ना मी तिथेच उभी होते ते. मनात धास्ती घेऊन विहिरीत उतरले तर हात कापतील त्यांचे. मी थोडी थांबते, श्वास खाली बसू देते, आणि मग आतून आल्यासारखी उघडते." काकू खुदकन हसल्या. "ते चिडतात. मला कासव म्हणतात."

काका खरंच म्हणायचे. दिवसभराचं दमून यावं आणि बायकोने दार उघडायला असा वेळ लावावा, यावरून त्यांनी आयुष्यभर कुरकूर केली होती. पाहुण्यांसमोरसुद्धा, 'आमच्याकडे दार उघडेपर्यंत माणूस जिना उतरून पुन्हा चढून येईल,' असा विनोद ते करत. पाहुणे हसत. काकूही हसत.

मूठ हातातच राहिली. मग काका म्हणाले, "येतो मी, बाई," आणि निघाले.

ते गेल्याबरोबर काकू कडी लावायला उठल्या. त्या निवासात दाराला आतून कडी नव्हती, पण परका माणूस बाहेर पडला की कडी लावायची, हे पायांना पाठ होतं. तोल गेला. मोज्यांच्या गठ्ठ्यासह आत येणाऱ्या सेविकेने मोजे टाकले आणि काकूंना झेललं. सेविकेला सगळे फौजदार म्हणत. तीही त्या नावाला ओ द्यायची.

काका घरी गेले. माळ्यावरून कामाचा निळा कोट काढला. तो पोटावर बसेना, म्हणून बटणं उघडीच ठेवली. हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि दिवे लागायच्या जरा आधी निवासात परत आले. खोली घरासारखी वाटावी म्हणून काकूंच्या दारावर एक बेल बसवलेली होती. तिचं बटण आजवर कोणी दाबलं नव्हतं. काकांनी दाबलं.

काकू उभ्याच होत्या, फौजदारने एक दंड धरून ठेवला होता. बेल वाजली आणि काकू थांबल्या. काका बाहेर उभे. दाराच्या पलीकडे, अगदी हातभर अंतरावर, एक श्वास खाली बसताना त्यांना ऐकू आला. मग दार उघडलं.

"आलात?" काकू म्हणाल्या, आतून आल्यासारख्या.

"आलो."

"हात धुवून घ्या."

एवढं बोलून त्या वळल्या, खुर्चीपाशी गेल्या आणि बसल्या. नेहमीसारख्या कडेवर टेकल्या नाहीत. पाठ टेकली, खांदे उतरले, हात मांडीवर सुटले. लिफ्ट मजल्याशी येऊन अलगद टेकावी तसं ते बसणं होतं. काका बघत राहिले. एवढं छान टेकणं त्यांना कुठल्या यंत्राकडून कधी साधलं नव्हतं.

त्या संध्याकाळी काकू पुन्हा उठल्या नाहीत. जेवल्या आणि झोपल्या.

"जमलं की, काका," फौजदार म्हणाली. "उद्यापासून जरा आधीच या. त्या उठायच्या आत बेल वाजवा, दार मी उघडेन."

"येतो. दुपारी मूठ बसवायला येतो, मग घरी जाऊन कोट घालतो आणि..."

"दुपारी नको."

"का?"

"नवरा चांगला आहे. मिस्त्री डोक्याला ताप आहे. आज तो गेला तेव्हा माझ्या हातात मोजे होते म्हणून बरं, बादली असती तर? मिस्त्री गेला की त्या कडी लावायला उठणारच."

"तू त्या वेळी जवळ थांबलीस तर..."

"मी मजल्यावर एकटी, काका. तिकडे न्यायाधीशसाहेब पूल मागत असतात."

"मी सांगीन तिला, कडी लावू नका म्हणून."

"परक्या माणसाने बाईला सांगायचं, कडी लावू नका? मग तर दोन लावतील. मीही लावीन."

काकांनी एकदा प्रयत्न करून पाहिला. काकूंना डुलकी लागल्यावर हळूच बाहेर पडले. काकू जाग्या झाल्या, घर उघडं टाकून मिस्त्री गेला असं बघून थेट दाराकडे निघाल्या, आणि कपाटाच्या कोपऱ्यावर आदळता आदळता राहिल्या.  भांडाराचं दार उघडून आतली खोल खुर्ची फौजदारने पुसायला घेतली, तेवढं काकांना पुरे झालं.

मग त्यांनी आणखी एक युक्ती केली. नवराच दुपारी आला तर? एके दिवशी कोट घालून भर उन्हात त्यांनी बेल वाजवली. दार उघडल्यावर काकूंचा चेहरा पांढरा पडला.

"आज लवकर? कोण पडलं?"

"कोणी नाही."

"खोटं बोलू नका. लवकर आलात म्हणजे कोणीतरी पडलं." त्या काकांचे हात चाचपून बघू लागल्या, मग कोपर, मग खांदे. सगळं जागच्या जागी आहे अशी खात्री व्हायला बराच वेळ लागला. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

म्हणजे संध्याकाळच उरली.

घरात बसवेना म्हणून काका दुपारीच कोट घालून निघत आणि निवासासमोरच्या बसथांब्यावरच्या बाकावर बसत. तिथून काकूंची खिडकी दिसायची, काकू दिसायच्या नाहीत. बस यायची, थांबायची, काका हाताने 'जा' म्हणायचे. पहिले काही दिवस बसवाले चिडले, मग ओळखीचे झाले. एकाने शेवटी खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलंच.

"काका, रोज बसता, रोज जात नाही. तुम्हाला जायचंय तरी कुठे?"

"जायचं नाही," काका म्हणाले. "यायचंय."

बसवाल्याने मान हलवली आणि दार बंद केलं. निवासासमोरच्या थांब्यावर अशी उत्तरं त्याला नवी नसावीत.

रात्री मुलीचा फोन यायचा. ती लांब राहायची, आणि लांब राहणारी माणसं विचारतात तो प्रश्न आधी विचारायची.

"बाबा, आईने आज ओळखलं का?"

"ओळखलं."

"खरंच? किती छान! काय म्हणाली?"

"'आलात' म्हणाली."

"आणि?"

"आणि बसली."

मुलगी पुढचं ऐकायला थांबायची. पुढचं काही नसायचं. नवऱ्याशी काय बोलायचं? तो घरी आला, विषय संपला. काकू खिडकीबाहेर बघत बसायच्या, काका काकूंकडे बघत. एकदोनदा काकांनी स्वतः बोलून पाहिलं. आज जेवण छान होतं का, विचारलं. काकूंनी आश्चर्याने वर पाहिलं. "जेवले ना," म्हणाल्या.

मेट्रनबाई खूश होत्या. काकू पडल्या नव्हत्या, मनगटाची सूज उतरली होती, दिवसा व्हरांड्यात फेऱ्या चालू होत्या, मान पुढे काढून. खोल खुर्ची पुन्हा मागच्या कोपऱ्यात गेली आणि तिच्यावर जादा उशा रचल्या गेल्या. संध्याकाळच्या पडण्यावर हा अगदी साधा उपाय निघाला, असं मेट्रनबाई म्हणाल्या. काकांनी होकार दिला. उपाय साधाच होता. फक्त त्यात एक माणूस कमी झाला होता, आणि तो मोजण्यासारखा नव्हता.

एके संध्याकाळी बेल वाजली. फौजदारने दार उघडलं. "आलात?" झालं, "आलो" झालं. काका हात धुवायला निघाले आणि जाता जाता त्यांना कपाटाची मूठ दिसली. शेवटच्या दुपारी सैल केलेली, तशीच लोंबत होती. इतक्या दिवसांत ती त्यांना दिसत होती, पण आज हात आपोआप पिशवीत गेला. त्यांनी पेचकस काढला आणि स्क्रूला लावला.

"अहो, राहू दे ते," खुर्चीतून काकू म्हणाल्या.

काका थांबले. "का गं? हलतेय ना."

"दिवसभर काम करून आलात, बसा. त्याला मिस्त्री येतो."

"कोण मिस्त्री?"

"येतो एक. कामाचा यथातथाच आहे. आज बसवतो, उद्या हलते." काकूंनी खिडकीकडे पाहिलं. "पण माणूस चांगला. दोन शब्द बोलतो, चार ऐकून घेतो. बऱ्याच दिवसांत फिरकला नाही. त्याचा जीव बरा असेल ना हो?"

काकांनी पेचकस स्क्रूच्या खाचेतून काढून घेतला. 

"बरा आहे," ते म्हणाले. "मला भेटला होता. कामात आहे म्हणाला."

"मग येईल." काकूंनी मान टेकली. "दुपारी येतो तो. तुम्ही नसता तेव्हा."

"बरं," काका म्हणाले. "मग राहू दे."

त्यांनी पेचकस पिशवीत टाकला, मूठ होती तशी हलती ठेवली आणि ते हात धुवायला गेले.